मारुतीच्या कुठवर आलं?

आमच्या रविवारच्या कथावाचनाच्या मंडळात गेल्या महिन्यात एक मुलगा नव्याने आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, गोष्टी लिहितो, आणि कुणी काही बोललं की वहीत टिपून घेतो. त्या दिवशी निवेदक, दृष्टिबिंदू, पूर्वसूचन असे शब्द इकडून तिकडे जात होते. निघताना चपला घालता घालता त्याने मला विचारलं, "ताई, या सगळ्या शब्दांची एक यादी मिळेल का, अर्थासकट?"

यादी कुठल्याही गाइडात मिळेल. बी.ए.ला मराठी होतं तेव्हा मीही ती पाठ केली होती. कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, संघर्ष, उत्कर्षबिंदू. प्रत्येकाच्या दोन-दोन व्याख्या आणि एक उदाहरण. मार्क चांगले पडले. त्यातला एकही शब्द आपल्याला कळलेला नव्हता, हे पुढे स्वतः लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं. हे शब्द मला एकाच गोष्टीने शिकवले. ती लिहायला दहा वर्षं आणि पाच वह्या लागल्या. म्हणून त्या मुलाला यादीऐवजी वह्यांची हकिगत सांगते.

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं दुकान होतं. तांब्यापितळेची भांडी, नंतर स्टीलही, आणि भांड्यांवर नावं घालून द्यायचं काम. सप्टेंबर २००८, पितृपक्ष चालू होता. लग्नाची खरेदी नाही, त्यामुळे गिऱ्हाईक नाही. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचं कळलं. अशा वेळी नाशिकचा जुना माणूस आकडे विचारत नाही. तो विचारतो, "मारुतीच्या कुठवर आलं?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही आमची मोजपट्टी. घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. कमरेच्या वर गेलं की बाजारातली माणसं माल माळ्यावर चढवायला घेतात.

त्या दिवशी दुकानात कामाला असलेला मुलगा शेवटचा बघून आला आणि म्हणाला, "मारुती दिसतच नाही." आसपासचे सगळे दुकानदार कुलपं लावून निघाले. मुलगाही निघाला. आमचे भाऊ, म्हणजे माझे वडील, निघाले नाहीत. ते शिडीने माळ्यावर चढले आणि रात्रभर तिथेच बसून राहिले. खाली छातीभर पाणी.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात. संध्याकाळी नाशिकमधल्याच द्वारका भागातल्या माहेरी आले आणि आईजवळ थांबले. भाऊंचा मोबाइल बंद होता. सकाळी गल्लीतलं पाणी उतरलं आणि ते चिखल तुडवत घरी आले. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला, आणि तेव्हा मला त्यांचे तळवे दिसले. दोन्ही तळव्यांवर गंजाचे आडवे पट्टे उमटले होते.

पुढच्या आठवड्याभरात ही हकिगत बाजारात आणि नात्यागोत्यात सगळीकडे झाली. भाऊंनी दुकान सोडलं नाही. एवढा पूर आला, पण गडी हलला नाही.

पहिली वही २००९ ची. तिची सुरुवात मला अजून पाठ आहे. "आकाशात काळ्या ढगांनी दाटी केली होती. गोदामाईने आज रौद्र रूप धारण केले होते." पुढे दुकानदारांच्या मनातली भीती, कामाच्या मुलाच्या मनातली घालमेल, भाऊंच्या मनातला निर्धार, आणि एका ठिकाणी चक्क नदीच्या मनातला राग. सहा पानांत मी सगळ्यांच्या मनात जाऊन आले.

मंडळात एक निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. त्या कुणाच्याही कथेला चांगलं-वाईट म्हणत नाहीत. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात प्रश्न लिहितात. माझ्या सहा पानांवर एकच प्रश्न त्यांनी अकरा ठिकाणी लिहिला होता: हे कुणाला माहीत?

मला राग आला. मला माहीत, आणखी कुणाला! मी बाईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "तू कुठे आहेस यात? तू त्या रात्री द्वारकेला होतीस ना?"

लेखक आणि निवेदक ही दोन माणसं आहेत, हे मला त्या दिवशी कळायला सुरुवात झाली. लेखक म्हणजे मी, सातपूरला नोकरी करणारी, वीजबिल भरणारी. निवेदक म्हणजे त्या कथेपुरता बोलणारा आवाज, आणि तो मी घडवायचा असतो. त्याला किती दिसतं, किती ऐकू येतं, गोष्ट घडून गेल्यावर किती दिवसांनी तो सांगतोय, कुणाला सांगतोय, हे सगळं मी ठरवायचं. पाठ्यपुस्तकात सर्वज्ञ निवेदक, प्रथमपुरुषी निवेदक, मर्यादित तृतीयपुरुषी निवेदक असे प्रकार असतात. व्याकरणातल्या मी, तू, तो यांच्यासारखे ते दिसतात, पण खरा फरक माहितीचा आहे. सर्वज्ञ निवेदकाला सगळं ठाऊक असतं. मर्यादित तृतीयपुरुषी निवेदन 'तो' म्हणतं, पण एकाच माणसाच्या खांद्यामागून बघतं. त्या माणसाला जे कळत नाही ते वाचकालाही सरळ कळत नाही.

सर्वज्ञ निवेदकात वाईट काही नाही. आपल्या सगळ्या जुन्या गोष्टी त्यानेच सांगितल्या. पण ज्याला सगळं ठाऊक असतं, त्याच्यावर काय सांगायचं नाही हे ठरवायची जबाबदारी सर्वांत मोठी असते. मी काहीच गाळलं नव्हतं. एकाच परिच्छेदात तीन डोक्यांत शिरले होते, आणि म्हणून वाचणाऱ्याला कुठेच उभं राहता येत नव्हतं.

दुसऱ्या वहीत मी उलट टोक गाठलं. भाऊच बोलतात. "मी माळ्यावर बसलो होतो. माझ्या मनात विचारांचे काहूर माजले होते." बाईंनी काहूरखाली रेघ मारली. प्रश्नसुद्धा लिहिला नाही, नुसती रेघ. भाऊंनी आयुष्यात काहूर हा शब्द उच्चारला नव्हता. त्यांचे शब्द बोहनी, उधारी, मोड, मजुरी. आनंद झाला की म्हणायचे "बरं झालं", दुःख झालं की म्हणायचे "असू दे". निवेदक जेव्हा 'मी' म्हणतो तेव्हा त्याचं प्रत्येक वाक्य दोन कामं करतं. घडलेलं सांगतं, आणि सांगणारा कसा आहे तेही दाखवतं. पात्रचित्रण म्हणजे "ते स्वभावाने अबोल होते" असं लिहिणं, अशी माझी तोवर समजूत होती. अबोल माणसाकडून सहा पानं बोलवून घेताना ती मोडली.

त्याच वहीत मी थोडा संज्ञाप्रवाहही करून पाहिला. मनात येणारे विचार जसे येतात तसे, तुटक, एकात एक शिरलेले. इंग्रजीतला 'स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस' हा शब्द मुळात मानसशास्त्रातला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये तो वापरला आणि तिथून तो साहित्यात आला. मराठीत मर्ढेकरांनी १९४२ च्या 'रात्रीचा दिवस' या कादंबरीत तो आणला. मला वाटलं, पूर्णविराम काढून टाकले की झालं. ती पानं मी कुणालाच दाखवली नाहीत.

तिसऱ्या वहीत कारणाचा प्रश्न आला. इ. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ च्या व्याख्यानांत कथा आणि कथानक यांतला फरक सांगितला होता. राजा मेला आणि मग राणी मेली, ही कथा. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. हे उदाहरण सगळीकडे दिलं जातं आणि ते वाचून मान डोलवणं सोपं आहे. मी माझ्या गोष्टीला लावून बघितलं. पूर आला आणि भाऊ माळ्यावर बसून राहिले. का? त्या 'का'चं उत्तर माझ्याकडे होतं असं मला वाटत होतं. उधारीची वही. बाजारातल्या चाळीस घरांची उधारी त्या लाल वहीत, ती भिजली तर सगळं गेलं, म्हणून भाऊ वही छातीशी धरून बसले. छान कारण. कथानक तयार झालं. संघर्ष आला, उत्कर्षबिंदू आला, शेवटी वही कोरडी.

बाईंचा प्रश्न: "वही घेऊन निघता आलं नसतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. पिशवीत घालून डोक्यावर धरली असती तरी निघता आलं असतं. बाकीचे सगळे तसेच निघाले होते.

इथे जरा दुसरीकडे जाते, कारण पुढचं त्याशिवाय नीट सांगता येणार नाही.

नाट्यात्म उपरोध हा शब्द जड आहे, पण ती गोष्ट नाशिकच्या पोराला लहानपणीच भेटलेली असते. चैत्रात मी आजीबरोबर काळारामाच्या देवळात कीर्तनाला जायचे. बुवांनी सीताहरण लावलेलं असायचं. रावण गोसाव्याच्या वेषात पर्णकुटीच्या दारात येऊन "भिक्षां देहि" म्हणतो, आणि सीता भिक्षा आणायला आत वळते. तो कोण आहे हे मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक. ठाऊक नाही ते फक्त तिला. बुवा नेमके तिथे थांबायचे. पेटी थांबायची. आजी माझं मनगट घट्ट धरायची. तिने ही गोष्ट साठ वर्षं ऐकली होती, आणि ज्या ठिकाणी हे घडलं असं मानतात ती सीतागुंफा तिथून चार पावलांवर, तिच्या रोजच्या वाटेवर. तरी दर वर्षी माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठायचे.

पुढे काय होणार हे ठाऊक नसलं तरच उत्कंठा लागते, असं आपल्याला वाटतं. म्हणून नवा लिहिणारा माहिती दडवतो. मीही दडवायचे. आजीच्या बोटांनी मला वेगळं सांगितलं होतं, ते समजायला मी चाळिशीला आले. ऐकणाऱ्याला ठाऊक आहे आणि पात्राला नाही, या फटीतून, म्हणजे नाट्यात्म उपरोधातून, जी कळ येते ती नुसत्या रहस्यातून कधी येत नाही.

कथाकार बाबूराव बागूल नाशिकरोडजवळच्या विहितगावचे. १९६३ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहाची शीर्षककथा 'जेव्हा मी जात चोरली होती'. परगावी रेल्वेत नोकरीला लागलेला निवेदक तिथे आपली जात लपवतो. सगळी कथा या लपवण्यावर उभी आहे, आणि बागुलांनी ते वाचकापासून क्षणभरही लपवलेलं नाही. शीर्षकातच सांगून टाकलंय. त्यामुळे पुढे कुणी त्याच्याशी आपुलकीने वागलं तरी वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. शीर्षक हेसुद्धा कथातंत्र आहे, हे मी त्या एका ओळीवरून शिकले. भीती कुठे ठेवायची याचा इतका स्वच्छ निर्णय मी फार कमी ठिकाणी पाहिलाय. सावानातून, म्हणजे आमच्या १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालयातून, तो संग्रह मी तीनदा घरी आणला आणि तिन्ही वेळा ती कथा वहीत उतरवून काढली, हाताला कळावं म्हणून.

आता पुन्हा माळ्याकडे.

सप्टेंबर २०१४. संध्याकाळी माहेरी गेले होते. टीव्हीवर श्रीनगरच्या पुराची दृश्यं चालली होती. गळ्याएवढ्या पाण्यातून माणसं दोर धरून निघत होती. आई मेथी निवडत होती. भाऊ बराच वेळ बघत राहिले आणि टीव्हीकडे बघतच म्हणाले, "मला पाण्यात पायच टाकता येईना गं तेव्हा. तो पोरगा हाताला धरून ओढत होता. पायच उचलेना."

मी काही बोलले नाही. बोलायला सुचलं नाही. आईकडे बघितलं, तर ती मेथीच निवडत होती. तिने मान वर केली नाही, म्हणजे तिला हे नवीन नव्हतं. तिला त्या सकाळपासून ठाऊक होतं. सहा वर्षं मी ज्या गोष्टीचं कारण शोधत होते, ते स्वयंपाकघरात बसलेलं होतं.

बाईंचा अकरा वेळा लिहिलेला प्रश्न मला त्या संध्याकाळी ऐकू आला. हे कुणाला माहीत? भाऊंना माहीत. आईला माहीत. कामाच्या मुलाला माहीत, आणि त्याने बाजारात कुणाला सांगितलं नाही. मला माहीत नव्हतं. बाकी सगळ्या नाशिकला दुसरंच काही माहीत होतं.

चौथी वही मी घाईने लिहिली. तिसऱ्या वहीतली शूर भाऊंची गोष्ट जशीच्या तशी, आणि शेवटच्या परिच्छेदात एकदम उघड केलं की ते घाबरले होते. कलाटणी. मला ती जबरदस्त वाटली. मंडळात वाचली तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग एक काका हळूच म्हणाले, "फसवल्यासारखं वाटलं."

कलाटणी वाचकाला धक्का देते, पण मागे वळून बघितल्यावर रस्ता दिसायला हवा. तो रस्ता म्हणजे पूर्वसूचन. रशियन कथाकार-नाटककार चेखव यांनी १८८९ च्या एका पत्रात लिहिलं होतं की कुणी झाडणारच नसेल तर रंगमंचावर भरलेली बंदूक ठेवू नये. या वाक्याचा लोक एकच अर्थ घेतात, की फालतू काही ठेवू नका. मला त्यातली दुसरी बाजू जास्त उपयोगी पडली. बार उडायचा असेल तर बंदूक आधी दिसलेली हवी, आणि दिसताना ती साधी भिंतीवरची वस्तू वाटायला हवी. माझ्या चार वह्यांत बंदूक होती आणि मला ती दिसत नव्हती. तळव्यांवरचे गंजाचे पट्टे. माळ्याच्या कडेला लोखंडी गज होता. पुराला न भिणारा माणूस रात्रभर गज कशाला आवळून धरेल? प्रत्येक वहीत मी ते पट्टे लिहिले होते, नुसता तपशील म्हणून, खरे होते म्हणून. अर्थ माझ्याआधी माझ्या वहीत येऊन बसला होता.

दाखवणं आणि सांगणं यावर नव्या मुलांना भाषणं ऐकावी लागतात. "सांगू नका, दाखवा." हा सल्ला मला अर्धाच पटतो. पाऊस लागून राहिला होता हे एका वाक्यात सांगून टाकावं, त्यासाठी चार थेंब दाखवत बसू नये. रात्रीचे आठ तास मी तीन ओळींत सांगते. पण तांब्या दोन्ही हातांनी धरण्याचा एक क्षण अर्धं पान दाखवते. कुठे पळायचं आणि कुठे थांबायचं, ही निवेदनाची गती. ती बुवांच्या पेटीसारखी. थांबते तिथे लोक कान देतात.

आणि जे सांगायचंही नाही, दाखवायचंही नाही, फक्त ऐकू यावं, त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे. ध्वनी. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनांनी 'ध्वन्यालोक' लिहिला. शब्दांचा सरळ अर्थ संपतो आणि त्याच्यापलीकडे दुसरा अर्थ घुमतो, घंटेचा टोल पडून गेल्यावर नाद राहावा तसा. त्याचं जे उदाहरण त्यांनी सुरुवातीलाच दिलं, ते कुठलं असावं? आमच्या गोदावरीच्या काठचं. 'गाथासप्तशती' या हाल सातवाहनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहातली ती गाथा आहे, महाराष्ट्री प्राकृतातली. त्या सातवाहनांचे लेख आमच्या पांडवलेण्यांच्या भिंतींवर आजही आहेत. एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते: बाबा, आता खुशाल फिर. ते कुत्रं आज मारलं गेलं, गोदावरीकाठच्या झाडीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहाने मारलं.

शब्द म्हणतात, खुशाल फिर. ध्वनी म्हणतो, इकडे पाऊलसुद्धा टाकू नकोस. कुत्र्याला भिणारा माणूस सिंह आहे म्हटल्यावर कशाला येतोय? टीकाकार पुढचं उलगडतात, की त्या झाडीत तिची तिच्या प्रियकराशी भेट ठरलेली असते आणि हा गृहस्थ फुलं तोडायला तिथे येऊन अडचण करत असतो. गाथेत यातलं अक्षर नाही. दोन ओळींत सांगणारी आहे, ऐकणारा आहे, खोटं आहे, भीती आहे, प्रेम आहे, आणि प्रेम हा शब्द नाही. मी ही गाथा पहिल्यांदा समजून घेतली त्या रात्री मला झोप आली नाही. आपण जिथे दिवे सोडतो त्या काठावरच्या बाईचं बोलणं हजार-बाराशे वर्षांपूर्वी काश्मीरमधला पंडित कान देऊन ऐकतोय, याचं मला फार अप्रूप वाटतं. नाशिकच्या शाळांतून हे शिकवायला हवं, अगदी मनापासून वाटतं.

ती बाई जे बोलते ते खरं धरता येत नाही. अशा सांगणाऱ्याला आज अविश्वसनीय निवेदक म्हणतात. वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ मध्ये हा शब्द रूढ केला. पण निवेदक अविश्वसनीय व्हायला खोटारडाच असावा लागतो असं नाही. तो लहान असू शकतो. तो भोळा असू शकतो. त्याचं ज्याच्याविषयी सांगतोय त्याच्यावर फार प्रेम असू शकतं.

पाचव्या वहीत गोष्ट सांगते ती बारा वर्षांची मुलगी. अशी मुलगी त्या रात्री कुठेच नव्हती, मी तिला बनवली. तिच्या वडिलांनी दुकान सोडलं नाही याचा तिला अभिमान आहे, आणि शाळेत सांगावं तशी ती आपल्याला सगळं सांगते. पाणी चढायच्या आधी वडिलांनी सात वेळा विचारलं, "मारुतीच्या कुठवर आलं?" तिला वाटतं, किती काळजी दुकानाची! वडिलांनी चपला काढून सर्वांत वरच्या फळीवर ठेवल्या. तिला वाटतं, किती व्यवस्थित! कामाच्या दादाने हात धरून ओढलं तेव्हा वडिलांनी हात सोडवून घेतला. तिला वाटतं, किती शूर! ती एकही गोष्ट खोटी सांगत नाही. काळारामाच्या मंडपात बसावं तसं वाचक तिच्या शेजारी बसतो, आणि तिच्याआधी त्याला कळतं.

गोदामाईचं रौद्र रूप काढून टाकलं. गल्लीत तरंगणारी पितळी परात एवढीच नदी कथेत उरली. वातावरणनिर्मिती तेवढ्याने झाली. मंडळात एकांनी गंजाचं प्रतीक केलं, व्यवस्थेला लागलेला गंज वगैरे. मला ते मान्य नाही. प्रतीक गोष्टीतून वर यावं लागतं, बाहेरून आणून चिकटवलं की वस्तू मरते. माझ्या कथेत गंज हा आधी गंजच आहे, लोखंडाचा, ओल्या हाताला लागलेला.

भाऊ २०१७ मध्ये गेले. त्यांना मी ही वही दाखवली नव्हती, ती पुरी झालीच नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा मोठा पूर आला, तेव्हा मी अहिल्याबाई होळकर पुलाकडे गेले होते. शेकडो माणसं पाणी बघायला उभी. माझ्या बाजूला एक गृहस्थ छोट्या मुलाला खांद्यावर घेऊन उभे होते. मुलगा पाण्याकडे बोट दाखवून हसत होता, आणि वडिलांनी त्याचे दोन्ही पाय छातीशी घट्ट आवळून धरले होते. घरी येऊन शेवटचं पान लिहिलं.

त्या पानात सकाळी वडील घरी येतात. मुलगी त्यांचे तळवे बघते आणि म्हणते, गज किती गंजलाय आपला, रंग द्यायला हवा. आई काही बोलत नाही. दुकानातल्या मोठ्या घंगाळात तांब्याची भांडी घासायला चिंच भिजत घातलेली असते हे आपण पहिल्या पानावर पाहिलेलं असतं. तशीच चिंच आई घरी भिजवते आणि त्या कोळाने वडिलांचे तळवे घासते, सावकाश, एकेक बोट उलगडून. वडील दुसरीकडे बघतात. तिथे कथा संपते. घाबरले हा शब्द कथेत कुठेही नाही.

बाईंनी ती वही परत दिली तेव्हा समासात काही नव्हतं. मी सगळी पानं उलटून बघितली, शेवटच्या पानामागेही बघितलं.

मग आईला वाचून दाखवली. तिचं आता वय झालंय, डोळे मिटून ऐकते. मधे दोनदा "हं" म्हणाली. संपल्यावर बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "चिंच नव्हती. लिंबू होतं."

वहीत मी चिंचच ठेवली आहे. आई अधूनमधून ती कथा पुन्हा वाचायला सांगते, तेव्हा शेवटच्या पानावर मी लिंबू म्हणते.